‘तुला काय दिसालंय?’ : एका मिनिटाची फिल्म आणि मिळून काम करायचं शिक्षण

चार मुलांपुढे एक कोरा तक्ता ठेवा, ‘मिळून करा’ म्हणून सांगा आणि दहा मिनिटांनी जाऊन बघा. चित्रं चांगली काढणारी मुलगी ओणवी होऊन रंगवत असते. दुसरी तिच्या हातात खडू देत असते. तिसऱ्यानं खोडरबराची गाडी केलेली असते आणि चौथा खिडकीबाहेर बघत असतो. तक्ता झकास होतो, भिंतीवर लागतो, खाली चौघांची नावं येतात. पण काम एकीनंच केलेलं असतं.

मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत शिकवते. पहिली ते पाचवीची शाळा, शिक्षक दोघं, म्हणजे एकेका खोलीत दोन-तीन इयत्ता. मुलं एकमेकांना सांभाळून घेत नसतील तर अशा शाळेत शिक्षकाचा दिवस निघत नाही. तरीही बरीच वर्षं मी समजत होते की मिळून काम करणं हा ज्याचा त्याचा स्वभाव असतो, कुणाच्यात असतो, कुणाच्यात नसतो. आता माझं मत बदललंय. पाढे जसे शिकवावे लागतात तसं हेही शिकवावं लागतं, आणि शिकवता येतं. मी ते मुलांकडून फोनवर एका मिनिटाच्या फिल्म करून घेत शिकवते.

आधी तक्त्याचं असं का होतं ते बघू. माक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी इंजिनिअरनं माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. एकटा माणूस जितका जोर लावतो तितका तो घोळक्यात लावत नाही. आठ जण एका दोराला लागले की दर माणशी जोर जवळपास निम्म्यावर येतो. हे काम १९१३ साली छापून आलं. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेत बिब लाताने या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून तेच तपासलं, आणि तिथंही गट वाढला तसा एकेकाचा आवाज उतरला. कारणं दोन. एक तर सगळ्यांच्या ओढण्याची वेळ जुळत नाही. दुसरं, आपण थोडं कमी ओढलं तर कुणाला कळणार आहे, असं मनात येतं. येतं म्हणजे ठरवून येत नाही, आपोआप येतं. खिडकीबाहेर बघणारं आमचं पोर आळशी नव्हतं. त्याच्यावाचून काही अडत नव्हतं, एवढंच.

आता आमच्याकडची रोप लावण आठवा. पैऱ्यानं माणसं जातात, आज तुमच्या वाफ्यात, उद्या आमच्या. दहा-बारा बायका चिखलात एका ओळीत वाकलेल्या असतात, पण तिथं जोर निम्म्यावर येत नाही. कारण प्रत्येकीची पात वेगळी असते. मागं कोण राहिली ते बांधावर उभं राहिलं की दिसतं. आणि आज जिच्या शेतात आपण आहोत, तिची उद्या आपल्याला गरज असते. आपलं काम वेगळं उठून दिसणं आणि एकमेकीवाचून अडणं, या दोन गोष्टी जिथं असतात तिथं घोळक्याचा गट होतो. मुलांना काम देताना या दोन गोष्टी त्या कामातच असाव्या लागतात. ‘एकी ठेवा’ म्हणून फळ्यावर लिहून त्या येत नाहीत.

एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञानं १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात हे वर्गात करून दाखवलं. तिथल्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नव्यानं एका वर्गात बसू लागली होती आणि भांडणं पेटली होती. ॲरन्सननं धड्याचेच तुकडे केले. गटातल्या प्रत्येकाला एक तुकडा, तो दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि परीक्षा मात्र अख्ख्या धड्यावर. ज्या मुलाला सगळे हिणवत होते त्याचं बोलणं आता कान देऊन ऐकावंच लागलं, कारण त्याचा तुकडा त्याच्याकडेच होता. या पद्धतीला जिगसॉ म्हणतात, तुकडे जुळवायच्या चित्रकोड्यावरून.

फिल्मचे असे तुकडे करत बसावं लागत नाहीत, ते मुळातच असतात. ज्याच्या हातात फोन आहे तो फोनसमोर येऊ शकत नाही. जो बोलतोय त्याला स्वतःचा आवाज फोनमध्ये कसा जातोय ते ऐकू येत नाही. सिनेमात कामं पहिल्यापासून अशी वाटलेलीच असतात. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला १९१३ साली. तेव्हा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मच्या पट्टीला भोकं पाडत होत्या, फिल्म धूत होत्या, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही बघत होत्या, आणि मुलगा भालचंद्र रोहिदासाचं काम करत होता. बेळगावहून शंभरेक किलोमीटरवर, कोल्हापुरात, १९२९ मध्ये ‘प्रभात’ फिल्म कंपनी उभी राहिली ती पाच भागीदारांची. शांताराम दिग्दर्शन बघायचे, धायबर कॅमेरा, फत्तेलाल कलेची बाजू, दामले आवाज, आणि पैशाची बाजू सीतारामपंत कुलकर्ण्यांकडे. मुलांना मी हे गोष्टीसारखं सांगते. कोल्हापूर त्यांना ठाऊक असतं, अंबाबाईला जाऊन आलेली असतात, त्यामुळे सिनेमा म्हणजे फार लांबचं काहीतरी असं वाटत नाही.

फिल्मची आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा तीन डोंगरांचा प्रयोग शिक्षक प्रशिक्षणात सगळ्यांनीच वाचलेला असतो. टेबलावर तीन खोटे डोंगर. एका बाजूला मूल, समोरच्या बाजूला बाहुली. मुलाला विचारायचं, बाहुलीला काय दिसतंय ते या चित्रांतून निवड. चार-पाच वर्षांचं मूल बहुधा स्वतःला जे दिसतंय तेच चित्र उचलतं. आपल्याला दिसतं ते सगळ्यांना दिसतं असं त्याला वाटत असतं. वय वाढेल तसं हे सुटत जातं, पण एका रात्रीत सुटत नाही. खरं तर मोठ्यांतही ते पूर्ण सुटलेलं नसतं, घराघरातली अर्धी भांडणं याच्यावरच चालतात.

आमच्या शाळेच्या अंगणात हे मी डोळ्यांनी बघितलं. पाचवीतली एक मुलगी दिग्दर्शक होती. तिला झेंड्याचा खांब आणि मागचं चिंचेचं झाड दोन्ही एका शॉटमध्ये हवं होतं. ती स्वतः खांबापासून दहा पावलांवर, डाव्या अंगाला उभी होती. फोन चौथीतल्या एका मुलाकडे, तो समोर पायरीवर.

‘‘अरे, झाड येऊदे की त्यात!’’

‘‘झाड न्हाईच दिसालंय मला.’’

‘‘असं कसं? मला दिसालंय की!’’

दोघंही खरं बोलत होती आणि दोघांनाही वाटत होतं की समोरचा मुद्दाम अडून बसलाय. पाच मिनिटं हे चाललं. तो रडवेला झाला, ती लालबुंद. माझ्या तोंडावर आलं होतं, ‘अगं, तिकडं जाऊन बघ’. मी गिळलं. शेवटी तिनंच तणतणत जाऊन त्याच्या हातातला फोन हिसकला, डोळ्यासमोर धरला आणि गप्प झाली. पायरीवरून चिंच खांबाच्या मागं नव्हतीच, ती चौकटीच्या बाहेर, उजवीकडे राहत होती. ‘‘मग तू तिकडनं घे की,’’ ती म्हणाली, आवाज एकदम खाली. त्या दिवसापासून आमच्याकडे एक नियम आहे, मुलांनीच केलेला. शॉट सुरू करायच्या आधी दिग्दर्शकानं फोनवाल्याला विचारायचं, ‘‘तुला काय दिसालंय?’’ आणि त्यानं सांगायचं. मला दिसतं ते तुला दिसत नसेल, ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलीला मी भाषण करून पटवू शकले नसते.

प्रत्यक्षात हे कसं करायचं? गट चार-पाच जणांचा, त्याहून मोठा नको, नाहीतर पुन्हा रिंगेलमानचा दोर. कामं पाच: दिग्दर्शक, फोन, आवाज, समोर बोलणारा किंवा अभिनय करणारा, आणि शॉट वही लिहिणारा. वहीत सहा चौकोन आखायचे आणि प्रत्येक चौकोनात एकेका शॉटचं चित्र काढायचं, काड्यांची माणसं चालतात. एकेक शॉट दहा सेकंदांचा, सहा शॉटचं मिनिट. शॉट गोष्टीच्या क्रमानंच घ्यायचे आणि मुलांनी निवडलेले तेवढे ठेवायचे, म्हणजे जोडणीला फारसं काही उरत नाही. फोन आडवा धरायचा, विमानाचं चिन्ह दाबून ठेवायचा म्हणजे मधेच कुणाचा फोन येत नाही, ऊन पाठीवर घ्यायचं, आणि ‘सुरू’ म्हटल्यावर मनात तीन आकडे मोजूनच बोलायला लागायचं. एवढी कला पुरे. वेळ सगळा आधीच्या बोलण्यात जायला हवा. आमच्याकडे चौकोन भरायला तीन दिवस लागतात, चित्रीकरणाला तास-दीड तास.

कामं चिठ्ठ्या टाकून द्या आणि दर फिल्मला बदला. हे मी आग्रहानं सांगते. मुलांवर सोडलं तर फोन मुलाकडे जातो आणि वही मुलीकडे, दरवेळी, न चुकता. आणि मुलींना त्यात काही वावगंही वाटत नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

पहिली-दुसरीच्या मुलांना बोलती फिल्म जड जाते. त्यांच्याकडून चिंचोके चालवून घ्या. फोन डब्यावर टेकवून पक्का बसवायचा. एकानं चिंचोका नखभर सरकवायचा, दुसऱ्यानं फोटो काढायचा, तिसऱ्यानं चौकटीत कुणाचा हात राहिलाय का ते बघून ‘‘हात!’’ म्हणून ओरडायचं. सेकंदाला दहा फोटो धरले तर दहा सेकंदांना शंभर. फाळक्यांनी १९१२ मध्ये पैसे घालणाऱ्याला पटवायला वाटाण्याचं रोप वाढताना असंच थोडं थोडं करून टिपलं होतं, तेव्हा सहा वर्षांची पोरं फाळक्यांच्याच वाटेनं चाललीत म्हणायला हरकत नाही. इथं तिघांपैकी एकानं घाई केली की चिंचोका उडी मारतो, आणि ते लगेच दिसतं.

चूक स्वतःच दिसते, हा फिल्मचा मोठा गुण. निबंधातली चूक मी लाल शाईनं दाखवते आणि मूल माझ्याकडे बघतं. फिल्ममधली चूक पडद्यावर दिसते आणि मुलं एकमेकांकडे बघतात. हे बकऱ्यांच्या फिल्मच्या वेळी झालं, ते जरा सविस्तर सांगते.

सुगी आटपली, भात निघालं, की आमच्या शिवारात धनगर बकरी घेऊन येतात. चिकोडी, गोकाककडची माणसं, कन्नड बोलणारी. शेतकरी त्यांना रानात बकरी बसवायला सांगतात. रात्रभर कळप एका शेतात बसतो, लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं, पुढच्या पिकाला खत होतं, आणि धनगराला त्याचं धान्य किंवा पैसे मिळतात. मुलांनी विषय निवडला, ‘बकरी का बसवतात?’ धनगरअज्जाला प्रश्न विचारायचे होते. पण विचारणार कोण? कन्नड आम्ही शाळेत शिकवतो, मुलं वाचतात, कविता म्हणतात, पण रानात उभं राहून अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणजे वेगळी गोष्ट.

तिसरीत एक मुलगा होता, आजोळ बैलहोंगलकडचं. मराठी वाचताना अडखळायचा, म्हणून वर्गात त्याला कुणी विचारात घेत नसे. समोर बोलायची चिठ्ठी त्यालाच आली, आणि तो अज्जाच्या पुढ्यात उकिडवा बसून म्हणाला, ‘‘निम्म ऊरु यावुदु री?’’ म्हणजे, तुमचं गाव कुठलं? अज्जा खुलले आणि बोलत सुटले. आता अडचण अशी की उत्तर कुठं संपतं ते बाकीच्या चौघांना कळेना, आणि शॉट थांबवायचा तर दिग्दर्शकाच्या हातात. मुलांनी बाजूला जाऊन कुजबुज केली आणि ठरवलं: उत्तर संपलं की त्यानं डोकं खाजवायचं. त्या फिल्ममध्ये तो प्रत्येक प्रश्नानंतर डोकं खाजवतो. ॲरन्सनच्या पद्धतीत कागदाचा तुकडा होता, इथं एका मुलाची अख्खी भाषाच तो तुकडा झाली.

आवाजाची जबाबदारी चौथीतल्या एका मुलीची होती. चौथ्या शॉटला ती म्हणाली, ‘‘थांबा, बकरी वरडालीत.’’ दिग्दर्शकानं हात झटकला, ‘‘चालतंय गे.’’ दुपारी खिडक्यांना सतरंज्या लावून बघितलं तर त्या शॉटमध्ये अज्जांचे ओठ हलत होते आणि ऐकू येत होतं फक्त बँऽऽ बँऽऽ. खोलीत सगळे गप्प. आवाजवाली मुलगी खाली मान घालून बसलेली, तिनं ‘मी सांगितलं होतं’ म्हटलं नाही. दिग्दर्शकच थोड्या वेळानं म्हणाला, ‘‘तिचं ऐकाय पाहिजे होतं.’’ दुसऱ्या दिवशी शाळेत दूध वाटून झाल्यावर आम्ही परत गेलो, कळप दोन शेतं पलीकडे सरकला होता, आणि या खेपेला तिनं मान हलवेपर्यंत कुणी ‘सुरू’ म्हटलं नाही. मी त्यात काही बोलले नव्हते. हे लिहायला सोपं वाटतं, पण गप्प राहणं हेच शिक्षकाला सगळ्यात अवघड जातं.

मला ते पहिल्या वर्षी जमलं नव्हतं. संवाद मी लिहिले, कोण कुठं उभं राहील ते मी सांगितलं, फोन माझ्याच हातात. फिल्म देखणी झाली, स्नेहसंमेलनात टाळ्या पडल्या, पालक खूश. नंतर मुलांना विचारलं, यात तुझं काय? एक जण म्हणाला, ‘‘टीचर, तुम्ही सांगितलासा तसं केलं.’’ तेव्हा कळलं की तो तक्ताच होता, फक्त रंगवणारी मी होते.

स्पर्धा तर अजिबात ठेवू नका. ‘उत्तम फिल्म’ला बक्षीस लावलं की गट आपल्यातल्या कच्च्या मुलाला लपवायला लागतो, आणि आपण जे शिकवायला निघालो त्याच्या नेमकं उलट होतं. गुण द्यायचेच असतील तर फिल्मला देऊ नका, मुलांचं बोलणं ऐका. ‘मी, माझं’च्या जागी ‘आमी’ कधी येतं, कोण कुणाला विचारतं, नाही म्हटल्यावर पुढं काय होतं. फिल्म झाल्यावर मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते, तुझं काम कुणामुळे सोपं झालं? वहीत उत्तर लिहायचं, नाव घालून. काही मुलांनी त्या वहीचं पान घरी नेऊन दाखवलंय.

कर्नाटकातल्या शिक्षकांना मुलं गटात बसवणं नवं नाही. १९९५ मध्ये म्हैसूरकडच्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यातून सुरू झालेल्या नलि-कलि या शिकवण्याच्या पद्धतीत लहान वर्गांची मुलं गटागटानं, आपापल्या वेगानं शिकतात. त्या सवयीचा इथं उपयोगच होतो. वेळ कुठून काढायचा, असंही विचारतात. बकऱ्यांच्या फिल्ममध्ये परिसर अभ्यास होता, कन्नड होतं, सेकंदांची बेरीज होती. मला वेगळा तास काढावा लागला नाही.

पालकांचा प्रश्न मात्र रास्त असतो: आधीच पोरं फोन सोडत नाहीत, त्यात शाळेतही फोन? मी त्यांना शाळा समितीच्या बैठकीत बोलावून सहा चौकोनांची वही दाखवते. पाच मुलांत एक फोन, तोही शिक्षकाचा, आणि हातात येतो तो तीन दिवस कागदावर झटल्यावर. घरी मूल फोन बघतं तेव्हा एकटं असतं. इथं फोनसमोर पाच डोकी असतात. दुसरी गोष्ट मी आधीच सांगून टाकते: या फिल्म कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार नाहीत, इंटरनेटवर चढणार नाहीत. पालकांची लेखी संमती घ्यायची, ज्या मुलाच्या घरून नकार येईल त्याला आवाज किंवा वहीचं काम द्यायचं, आणि वर्गात दाखवून झालं की फोनमधून काढून एका पेनड्राइव्हवर शाळेच्या कपाटात. धनगरअज्जांनाही मुलांनी विचारूनच घेतलं होतं, कन्नडमधून.

त्या फिल्मची शॉट वही दुसरीतल्या एका चिमुरडीकडे होती. अज्जांच्या पायाशी एक काळा कुत्रा बसलेला. ती चौघांनाही सारखं म्हणत होती, ‘‘कुत्र्याचं नाव विचारा की.’’ घाईत कुणी ऐकलं नाही, आणि बघताना पडद्यावर कुत्रा आला तेव्हा ती पुन्हा म्हणाली, ‘‘याचं नाव काय?’’ कुणालाच सांगता आलं नाही. यंदा दसऱ्याच्या सुट्टीनंतर शाळा भरल्या भरल्या मुलांनी पुढच्या फिल्मची वही उघडलीय. बकरी यायला अजून अवकाश आहे, पण प्रश्नांची यादी तयार आहे, आणि पहिल्या ओळीवर मोठ्या अक्षरात कुत्र्याचं नाव विचारायचं लिहिलंय. अक्षर तिचं नाही, गेल्या खेपेच्या दिग्दर्शकाचं आहे.